कोणता पदार्थ वीज किती वाहतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीजतंत्री आणि तारतंत्री अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना शिकवताना, तसेच घराचे वायरिंग करून घेणाऱ्या ओळखीच्या माणसांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. शाळेत आपण पदार्थांचे ‘सुवाहक’ आणि ‘दुर्वाहक’ असे दोन गट पाठ करतो. मात्र प्रत्यक्ष कामात या दोन गटांवर विसंबून राहिल्यामुळे बऱ्याच चुका होतात, आणि त्यांतल्या काही जिवावर बेततात.

पदार्थांची तुलना नेमकी कशाच्या आधारे करतात?

तारेचा रोध, म्हणजे ती विजेला करत असलेला अडथळा, तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिची जाडी आणि ती ज्या पदार्थाची आहे तो पदार्थ. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो आणि काटछेदाचे (तार आडवी कापल्यावर दिसणाऱ्या तोंडाचे) क्षेत्रफळ दुप्पट केले की रोध निम्मा होतो. त्यामुळे केवळ पदार्थांची तुलना करायची असेल, तर लांबी आणि जाडी सर्वांसाठी सारखीच धरावी लागते. अशा तुलनेसाठी जी राशी वापरतात तिला रोधकता म्हणतात आणि तिचे एकक ओहम-मीटर आहे. वायरच्या हिशेबासाठी मात्र एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेचा रोध किती, हा आकडा लक्षात ठेवणे अधिक सोयीचे असते. २० अंश सेल्सिअसला तांब्यासाठी तो ०.०१७२ ओहम आहे, ॲल्युमिनियमसाठी सुमारे ०.०२८ आणि लोखंडासाठी सुमारे ०.१०.

धातूंचा क्रम कसा लागतो?

पहिली चांदी, मग तांबे, सोने आणि ॲल्युमिनियम. १९१३ साली मऊ केलेल्या तांब्याची वाहकता (रोधकतेच्या उलट राशी) १०० टक्के धरून मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली आणि ती आजही वापरात आहे. या मापाने चांदी सुमारे १०५, सोने ७०, ॲल्युमिनियम ६१, लोखंड १७ आणि शिसे जेमतेम ८ टक्के भरते. त्या काळापेक्षा आज तांबे अधिक शुद्ध करता येत असल्यामुळे उत्तम प्रतीचे तांबे स्वतःच १०१ टक्क्यांपर्यंत जाते, ही गोष्ट मला फार आवडते. विद्यार्थी पहिल्यांदा हा आकडा पाहतात तेव्हा छपाईची चूक समजतात.

हा क्रम ठरतो तो धातूतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे. चांदी, तांबे आणि सोने या तिघांच्याही प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. तरीही तिघांची वाहकता वेगळी असते, कारण इलेक्ट्रॉन किती आहेत याबरोबरच ते किती अंतर विनाअडथळा जाऊ शकतात यालाही तितकेच महत्त्व आहे.

चांदी सर्वांत सुवाहक असेल, तर घरात चांदीच्या तारा का घालत नाहीत?

किंमत हे उत्तर सर्वांना ठाऊक असते, परंतु चांदी फुकट मिळाली तरी फायदा किती होईल हे पाहण्यासारखे आहे. समजा, मेन बोर्डापासून २० मीटर अंतरावर २००० वॅटचा गीझर आहे आणि त्याला अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर काटछेदाची) वायर टाकली आहे. जाऊन-येऊन तारेची लांबी ४० मीटर होते. तार तांब्याची असेल तर तिचा एकूण रोध सुमारे ०.२८ ओहम भरतो आणि तारेत साधारण २० वॅट उष्णतेच्या रूपाने वाया जातात. तीच तार चांदीची असती तर साधारण १९ वॅट वाया गेले असते. म्हणजे भिंतीत चांदी पुरून एक-दीड वॅटची बचत! ॲल्युमिनियमच्या तारेत सुमारे ३३ वॅट जातात, तर लोखंडाच्या तारेत १०८ च्या आसपास. अरुंद नळीत कोंडलेली तार १०८ वॅटने तापत राहिली, तर तिच्यावरचे प्लॅस्टिक फार काळ टिकणार नाही. त्यामुळे तांबे आणि चांदी यांतला फरक कागदावरचा राहतो, पण तांबे आणि लोखंड यांतला फरक आग लावू शकतो.

चांदीच्या तारा मोठ्या प्रमाणावर एकदा खरोखरच वापरल्या गेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तांब्याची टंचाई असताना ओक रिज येथील युरेनियम वेगळे करणाऱ्या यंत्रांच्या चुंबकांसाठी सरकारी खजिन्यातून सुमारे १३,००० टन चांदी उसनी घेऊन तिची वेटोळी करण्यात आली, आणि काम संपल्यावर ती परत करण्यात आली.

मोबाइलच्या सिमकार्डावर आणि चार्जिंगच्या पिनांवर सोन्याचा मुलामा का असतो? सोने तर तांब्यापेक्षा कमी वाहक आहे.

मुलामा इतका पातळ असतो की त्याच्या रोधकतेला तेथे महत्त्व उरत नाही. सोने हवेत काळे पडत नाही आणि त्यावर ऑक्साइडचा थर चढत नाही, म्हणून दोन पृष्ठभाग हलके टेकले तरी जोड स्वच्छ राहतो. तांबे हिरवट होते, चांदी गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते.

मग महापारेषणच्या उंच मनोऱ्यांवर तांब्याच्या तारा का नाहीत?

तेथे प्रश्न वजनाचा असतो. तांब्याची घनता प्रति घन सेंटिमीटर ८.९६ ग्रॅम आहे, तर ॲल्युमिनियमची २.७० ग्रॅम. तेवढाच रोध हवा असेल तर ॲल्युमिनियमची तार काटछेदाने सुमारे १.६ पट जाड घ्यावी लागते, आणि तरीही तिचे वजन तांब्याच्या तारेच्या निम्मेच भरते. दोन मनोऱ्यांमध्ये तीनचारशे मीटर अंतर असते आणि मधली सगळी तार मनोऱ्यांना पेलायची असते. वजन निम्मे झाले की मनोरा हलका करता येतो, त्याचा पायाही लहान होतो आणि एकूण खर्च पुष्कळ खाली येतो.

ॲल्युमिनियमचा दोष असा की ते ताणाला कमकुवत आहे. म्हणून या तारांच्या पोटात पोलादाच्या तारांचा गाभा असतो आणि त्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारांचे थर पिळलेले असतात. वीज मुख्यतः ॲल्युमिनियम वाहते आणि ओढ पोलाद सोसते. तुटलेल्या तारेचा तुकडा जवळून पाहिला तर मधल्या पोलादी तारा जस्ताच्या मुलाम्यामुळे करड्या दिसतात आणि बाहेरच्या पांढुरक्या. दोन धातूंनी कामे वाटून घेतल्याचे याहून चांगले उदाहरण मी वर्गात दाखवू शकत नाही.

आमच्या जुन्या घरात ॲल्युमिनियमचे वायरिंग आहे. ते धोक्याचे आहे का?

तार स्वतः सहसा धोक्याची नसते; धोका तिच्या जोडांमध्ये असतो. हा प्रश्न मी हलक्याने घेत नाही, कारण आमच्याच घरात असा जोड जळाला होता. जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला नवी तांब्याची तार नुसता पीळ देऊन जोडलेली होती आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. काही महिने काहीच जाणवले नाही. मग इस्त्री लावली की बोर्डाच्या मागून मासळीसारखा उग्र वास येऊ लागला. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला तेव्हा जोडापासून बोटभर लांबीपर्यंत प्लॅस्टिक तपकिरी पडून कडक झाले होते आणि हात लावताच त्याचे पापुद्रे निघाले. फ्यूज शाबूत होता, कारण विद्युतधारा वाढलीच नव्हती. वाढला होता तो फक्त त्या जोडाचा रोध.

असे होण्याची कारणे तीन आहेत. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि धातू सुवाहक असला तरी हा थर विद्युतरोधक असतो. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपत जाते, त्यामुळे घट्ट बसवलेला जोडही कालांतराने सैल होतो. तिसरे म्हणजे, दमट हवेत तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की त्यांचा जणू लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. कोकणातील खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने घडते. म्हणून असे दोन धातू जोडायचेच असतील तर दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग किंवा कनेक्टर वापरावा आणि ते काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. शक्य असेल तर गीझर, एसी आणि इस्त्री यांच्या लाइन आधी तांब्याच्या करून घ्याव्यात.

पितळेत तांबेच असते. मग पितळ तांब्याइतके सुवाहक का नाही?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. हे दोन्ही धातू बरे वाहक आहेत, तरीही नेहमीच्या पितळेची वाहकता तांब्याच्या पावपट किंवा त्याहून थोडी अधिक भरते, म्हणजे शुद्ध जस्तापेक्षाही तिचा क्रम खालीच लागतो. तांब्याच्या स्फटिकात अणू एकसारख्या रांगांमध्ये बसलेले असतात आणि त्या रांगांमध्ये जस्ताचे अणू विखुरले की इलेक्ट्रॉनांच्या वाटेत जागोजागी अडथळे निर्माण होतात. दोन वाहकांची भेसळ केली की सरासरी वाहकता मिळेल, ही अपेक्षा म्हणूनच चुकीची ठरते. प्लगच्या पिना पितळेच्या असतात, कारण त्या आखूड आणि जाड असतात. तेथे कडकपणा अधिक उपयोगी पडतो.

हाच दोष नायक्रोममध्ये मुद्दाम वापरून घेतला आहे. साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असलेल्या या मिश्रधातूची रोधकता तांब्याच्या सुमारे ६० ते ६५ पट असते. शेगडीचे वेटोळे लालबुंद होते आणि त्याला वीज पुरवणारी दोरी मात्र फार तर कोमट होते. विद्युतधारा दोन्हींतून सारखीच वाहते, पण उष्णता रोधाच्या प्रमाणात निर्माण होते. नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर बसत असल्यामुळे ते लाल तापूनही हवेत जळून जात नाही.

तापमानामुळे फरक पडतो का?

पुष्कळ पडतो, आणि तो सर्व पदार्थांमध्ये एकाच दिशेने पडत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश सेल्सिअस मानतात. तेथे पोहोचेपर्यंत तिच्यातील तांब्याचा रोध २० अंशांच्या तुलनेत जवळजवळ २० टक्के वाढलेला असतो. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बमध्ये हा परिणाम फारच ठळक होता. पेटलेल्या स्थितीत त्याच्या टंगस्टन तारेचा रोध सुमारे ८८० ओहम, पण थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. बटण दाबताक्षणी प्रचंड धारा आत शिरत असे, आणि म्हणूनच ते बल्ब बहुधा लावतानाच उडत.

काँस्टंटन आणि मँगॅनिन या मिश्रधातूंचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, म्हणून मोजमापाच्या उपकरणांत ते वापरतात. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांचे वागणे धातूंच्या उलट असते: ते तापले की त्यांचा रोध कमी होतो.

पाणी सुवाहक आहे की दुर्वाहक?

कोणते पाणी, हे आधी विचारले पाहिजे. अत्यंत शुद्ध केलेल्या पाण्याची रोधकता सुमारे १ लाख ८० हजार ओहम-मीटर असते. नळाच्या पाण्याची क्षारांनुसार साधारण काही दहा ओहम-मीटर भरते, तर समुद्राच्या पाण्याची अवघी ०.२ ओहम-मीटर. म्हणजे समुद्राचे पाणी शुद्ध पाण्याच्या जवळपास ९ लाख पट वाहक आहे, आणि तरीही ते तांब्याच्या तुलनेत एक कोटीहून अधिक पट दुबळेच आहे. पाण्यात वीज वाहून नेतात ते विरघळलेल्या क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण. इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचे पाणी घालू नये, असे सांगतात त्यामागेही हे क्षारच आहेत.

शुद्ध पाणी वीज वाहत नाही हे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. हाताला घाम असतो, फरशीवर धूळ आणि साबण असतो. पाणी जमिनीवर सांडेपर्यंत शुद्ध राहत नाही.

माणसाच्या शरीराचा रोध किती असतो?

कोरड्या, घट्टे पडलेल्या त्वचेचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. ओल्या त्वचेसह तो सुमारे १००० ओहमवर येतो. २३० व्होल्टला १००० ओहम म्हणजे ०.२३ ॲम्पिअर, आणि घरातील गळती ओळखणारा आरसीसीबी तर ०.०३ ॲम्पिअरलाच वीज तोडण्यासाठी बनवलेला असतो. ‘मला मागे एकदा शॉक बसला होता, काही झाले नाही’ असे सांगणारा माणूस त्या दिवशी कोरडा होता, एवढाच त्याचा अर्थ.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा का घालतात?

मातीची रोधकता ओलाव्यावर आणि क्षारांवर अवलंबून असते. ओलसर काळ्या मातीत ती काही दहा ओहम-मीटर असते, कोरड्या मुरमात किंवा कोकणातील जांभ्यात शेकड्यांत जाते आणि अखंड कातळात हजारांत. म्हणजे चांगली मातीसुद्धा तांब्यापेक्षा कोट्यवधी पटींनी वाईट वाहक आहे. तरीही अर्थिंग काम करते, कारण खड्ड्यात पुरलेल्या पाइपापासून दूर जाताना धारेला मिळणारा मातीचा काटछेद झपाट्याने वाढत जातो. अडचण मुख्यतः पाइपाला चिकटून असलेल्या मातीच्या पहिल्या थरातच होते. मीठ विरघळून त्या थरात आयन पुरवते आणि कोळसा ओलावा धरून ठेवतो. चैत्र-वैशाखात माती वाळली की हा सगळा खटाटोप निकामी होतो, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत राहावे. मिठाने पाइप गंजतो हेही खरे आहे. दर वर्षी अर्थिंगचा रोध मोजून घेतला तर ते वेळीच लक्षात येते.

काच, रबर, लाकूड हे पूर्णपणे विद्युतरोधक आहेत ना?

‘पूर्णपणे’ हा शब्द येथे लागू होत नाही, पण फरक किती प्रचंड आहे याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. काचेची रोधकता तिच्या प्रकारानुसार बदलते. ती १ वर १२ शून्ये इतकी ओहम-मीटर धरू. अशा काचेच्या एक मिलिमीटर जाडीचा जो रोध होतो, तेवढाच रोध त्याच काटछेदाच्या तांब्याच्या तारेत हवा असेल, तर ती तार सुमारे सहा प्रकाशवर्षे लांब लागेल. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. एवढा मोठा पल्ला क्वचितच दुसऱ्या कोणत्या भौतिक गुणधर्मात सापडेल.

परंतु हा आकडा कोरड्या, स्वच्छ आणि थंड काचेचा असतो. तीच काच तापून लाल झाली की बऱ्यापैकी वीज वाहू लागते. कोरडे लाकूड चांगले रोधक असते, पण पावसात भिजलेला बांबू तसा नसतो. तारेवर अडकलेला पतंग काठीने काढताना, किंवा लोखंडी शिडी शेतातून आडवी नेताना झालेले अपघात दरवर्षी वाचायला मिळतात आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण ते टाळता येण्यासारखे असतात. उच्च दाबाच्या तारेजवळ कोणतीही काठी सुरक्षित मानू नये.

शिवाय रोधकता आणि दाब सोसण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा उत्तम रोधक आहे, पण दर मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट दाब पडला की ती फुटते आणि ठिणगी उडते. म्हणूनच खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांना छत्र्यांसारख्या घड्या असतात: पावसाळ्यात वरचा भाग भिजला तरी घडीखालचा कोरडा राहावा आणि पृष्ठभागावरून जाणारी वाट लांब व्हावी.

पेन्सिलीचे शिसे वीज वाहते, मग हिरा का नाही? दोन्ही कार्बनच आहेत.

हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणूचे चारही बाह्य इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी जखडलेले असतात. पेन्सिलीचे शिसे म्हणजे शिसे हा धातू नसून ग्राफाइट असते; ग्राफाइटमध्ये तीन जखडलेले असतात आणि चौथा थरातल्या थरात हिंडू शकतो. ग्राफाइट धातूंइतके वाहक नाही, पण ते मऊ आणि निसरडे आहे. मुंबईच्या लोकलच्या टपावरील पेंटोग्राफ तांब्याच्या तारेला सतत घासत असतो आणि घासणारी पट्टी कार्बनची असते. तेथे धातूची पट्टी अधिक वाहक ठरली असती, पण तिने वरची तार लवकर झिजवली असती.

अर्धवाहक म्हणजे अर्धवट वाहक का?

नावावरून तसे वाटते खरे, पण अर्धवाहकाचे महत्त्व त्याची वाहकता हवी तशी बदलता येते यात आहे. शुद्ध सिलिकॉनची रोधकता सुमारे २३०० ओहम-मीटर असते. त्यात पाच कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला, तर ती जवळपास पन्नास हजार पटींनी घसरते. पितळेत परक्या अणूंनी वाट अडवली होती. येथे परका अणूच इलेक्ट्रॉन पुरवतो. अर्धवाहकाच्या उपयोगाचा एक अगदी आरंभीचा टप्पा आपल्या देशात गाठला गेला: जगदीशचंद्र बोस यांच्या, गॅलिना या अर्धवाहक खनिजाच्या स्फटिकाने विद्युतलहरी टिपणाऱ्या उपकरणाला १९०४ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले.

रोध शून्य असलेला पदार्थ आहे का?

आहे, परंतु विशिष्ट तापमानाखालीच. १९११ साली नेदरलँड्समधील लायडन येथे हाइके कामर्लिंग ओनेस यांना उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झालेला आढळला. याला अतिवाहकता म्हणतात. नवल असे की नेहमीच्या तापमानाला सर्वांत पुढे असणारे चांदी, तांबे आणि सोने कितीही थंड केले तरी नेहमीच्या दाबाखाली अतिवाहक होताना आढळलेले नाहीत, आणि क्रमवारीत तळाशी असणारे शिसे मात्र होते. रुग्णालयातील एमआरआय यंत्राच्या चुंबकात सहसा निओबियम-टायटॅनियमची तार द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते.

घरी मुलांना ही तुलना सुरक्षितपणे दाखवता येईल का?

येईल, फक्त घरातील विजेशी संबंध येऊ देऊ नये. नऊ व्होल्टचा एक सेल, एक एलईडी आणि ४७० ओहमचा एक रोध एकापुढे एक जोडून मध्ये दोन टोके मोकळी ठेवावीत. चमचा टेकवला की एलईडी लख्ख पेटतो. मऊ ६बी पेन्सिलीने कागदावर दाट रेघ ओढून तिच्यावर टोके टेकवली तर तो मिणमिणतो, आणि टोके जवळ आणत गेले की प्रकाश वाढतो. लांबीचा नियम मुलांना डोळ्यांनी दिसतो. मग वाटीभर फिल्टरच्या पाण्यात टोके बुडवावीत. दिवा जवळजवळ दिसणारच नाही. आता चिमूटभर मीठ टाकून न ढवळता पाहत राहावे: मीठ तळाशी विरघळत जाते तसतसा तो हळूहळू उजळतो, आणि एका टोकापाशी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसू लागतात.